मागच्या पट्टीतली गुलाबी वेल

थांबा, आधी हे ऐका, बाकी सगळं नंतर. नखांत अजून माती आहे, कीबोर्डवर पण सांडतेय, तरी आत्ताच टाइप करतोय. कारण हात धुवायला उठलो की मग चहा होणार, मग शिफ्ट सुरू होणार, आणि हे राहूनच जाणार. ताईचा फोन दहा मिनिटांपूर्वी ठेवला. दीड वर्षं मी एका वेलीला पाणी घालत होतो. चुकीच्या वेलीला! आणि ताईला... नाही, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

आम्ही राहतो नवघरला, भाईंदर ईस्ट. 'आम्ही' ही नुसती सवय, राहतो मी एकटाच. ग्राउंड फ्लोअर, वन बीएचके. बाबा रिटायर झाले तसे ते आणि आई गावी गेले, कणकवलीच्या पुढे. त्याच वर्षी ताईचं लग्न झालं आणि ती भावोजींबरोबर मस्कतला गेली. चार माणसांचं घर तीन महिन्यांत एका माणसाचं झालं. आमचा फ्रीज आवाज करतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काम घरूनच. एका कुरिअर कंपनीचा चॅट सपोर्ट. तुम्ही 'माझं पार्सल कुठाय' म्हणून चिडून लिहिता ना, त्याला 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व' लिहिणारा तो मी. एका वेळी तीन-तीन विंडो उघड्या असतात. स्पीड एवढा आहे की टीम लीडर पण 'जरा हळू' म्हणतो. पण सगळं बोटांनी. एकदा संध्याकाळी डेअरीत 'अर्धा लिटर' म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना, दोनदा खाकरावं लागलं. सकाळपासून वापरलाच नव्हता.

आता वेल. आमच्या किचनच्या खिडकीखाली, बिल्डिंग आणि कंपाउंड वॉलच्या मधे चार फुटांची मातीची पट्टी आहे. ताईने जायच्या आधी तिथे मधुमालतीची काडी लावली. परळला आमच्या जुन्या बिल्डिंगच्या गेटवर मधुमालती होती, कमानच होती तिची. आम्ही तिथून इकडे आलो तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई चौदाची. मला आठवतं एवढंच, की गुलाबी फुलांचे घोस लोंबायचे आणि संध्याकाळी कसला तरी गोड वास यायचा. ती बिल्डिंग पाडणार हे कळल्यावर ताई लग्नाच्या गडबडीत एक दिवस काढून तिकडे गेली आणि पेनाएवढी काडी ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन आली.

"मी नसताना ही मेली ना, तर बघ," ताई म्हणाली.

"मेली तर काय करशील? मस्कतहून येऊन मारणार?"

"विमानाचं तिकीट तुझ्या पगारातून काढीन आणि येऊन मारीन. दर रविवारी फोटो पाठवायचा. तुझा नको, तुला बघून बघून कंटाळा आलाय. तिचा."

पहिले काही महिने काडी आणि दोन पानं, बस. ताई रोज फोन करायची तेव्हा. मग पाऊस आला आणि पट्टीत जे काय उसळलं ना! रोज वीतभर वाढायची. मी सुतळ्या बांधल्या, ग्रिलवर चढवली, बेसिनमध्ये तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायचो तिच्यासाठी. पावसाळा संपता संपता गुलाबी गुलाबी फुलं, खिडकी भरून! मी फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'बघ! मारणार होतीस ना?' ताईचं उत्तर लगेच येतं नेहमी. त्या दिवशी जरा उशिरा आलं. दोन हार्ट आणि 'किती फुललीय रे.'

तोवर रोजचे फोन आठवड्यावर आले होते. मग ते पण गेले. तिचं घर, तिकडची नोकरी, माझ्या शिफ्टा. राहिला तो रविवारचा फोटो. मी फोटो टाकायचो, ती दोन हार्ट टाकायची. 'जेवलास?' 'हो. तू?' 'हो.' संपलं. एवढंच. पण मी ना, शनिवारपासून विचार करायचो की उद्या कुठल्या बाजूने काढू.

एकदा मी विचारलं होतं, 'ताई, वास का येत नाही गं हिला? गेटपाशी तर काय यायचा!' स्क्रीनवर 'टायपिंग' दिसलं, गेलं, परत दिसलं. शेवटी आलं, 'येईल. नवीन आहे ना.'

मी पाणी वाढवलं.

मग दुसरा पावसाळा. वेल खिडकीवरून वर गेली, पाइपावर, पाइपावरून पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर बरोबर माझ्या डोक्यावर आमचे सेक्रेटरी अंकल राहतात. एक दिवस गॅलरीतून वाकून ओरडले, "अरे बेटा, ये तेरा जंगल मेरे एसी में घुस गया! मेकॅनिक ने खोला तो अंदर से पत्ते निकले, पत्ते!"

"अंकल, बहन का पौधा है."

"बहन का है तो बहन को बुला, काट के ले जाए."

मी खालच्या सुतळ्या घट्ट करायला लागलो. त्यांना बहुतेक वाईट वाटलं, खाली आले. म्हणाले, होळीनंतर पूर्ण पट्टीत पेव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटच्या फरश्या, बसवायचे ठरलंय. पौधा हवा असेल तर कोपऱ्यात एक चौकोन उघडा सोडू. "लेकिन एक पौधा. जंगल नहीं."

म्हणून मी एक दिवस किचनची कात्री घेऊन त्यांच्या एसीकडचे शेंडे छाटत होतो, अगदी हळूहळू, केस कापल्यासारखे. तेवढ्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे खारी गावातल्या, टोपलीत माठ, मुळा, शेवग्याच्या शेंगा घेऊन एक दिवसाआड येतात. माझ्याशी तोंडाने बोलणारं ते एकच माणूस, खरं सांगतो. मी कधी कधी नको असलेला मुळा पण घ्यायचो.

"काय करतंस रं?"

"मधुमालती छाटतोय, मावशी."

"कंची मधुमालती?"

"ही काय."

मावशींनी टोपली खाली ठेवली आणि अशा हसल्या, अशा हसल्या! "ही मधुमालती? आरं, ही ती हाय, शेडवरची!" आणि भिंतीपलीकडे बोट. पलीकडच्या प्लॉटवर एक बंद पडलेली पत्र्याची शेड आहे, ती पूर्ण गुलाबी झालेली. ती शेड मला रोज दिसायची हो! आणि मला वाटायचं, वा, त्यांच्याकडे पण मधुमालती आहे.

"तुला कोनी सांगला नाय? पान बघ. मधुमालतीची पानं जोडीनं येतात, समोरासमोर. हिचं बघ, एक हिकडं, मंग वर जाऊन एक तिकडं. आनि ह्या तुऱ्याच्या टोकाला दोरा हाय बघ, धराया. त्यानं चढते ती. मधुमालतीचा फूल सांजच्याला पांढरा उमलतो, मंग गुलाबी होतो, मंग लाल. हिचा पहिल्यापासनं गुलाबीच."

"आणि वास?"

"हिला कसला वास न्हाय."

कात्री हातातच राहिली. मी विचारलं, "मग ताईची कुठाय?"

"खाली आसंल दाबलेली. न्हायतर मेली आसंल." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "मधुमालती चिवट आसते रं. लवकर मरत न्हाय. जुन्या खोडाला तिच्या बोथट काटं आसतात, हात लाव म्हंजे कलंल. हिला काटा न्हाय."

नेटवर शोधलं तर सगळं मावशींसारखंच. नर्सरीवाले हिला आईस्क्रीम क्रीपर म्हणतात. परदेशातून शोभेला आणली, कुंपणांवर लावली, आणि मग ती कुंपणावरून उतरून सगळीकडे गेली. वर्षानुवर्षं जगते, कारण खाली बटाट्यासारख्या गाठी असतात. वरून कापा, खालून परत येते. खालच्या झाडाला ऊन मिळू देत नाही.

हे वाचलं आणि बेसिनमधलं पातेलं आठवलं. तांदळाचं पाणी पण मीच घातलं होतं ना तिला. आणि लगेच दुसरा विचार. ताईला हे सांगितलं तर रविवारी पाठवू काय? मेलेल्या काडीचा फोटो? मग 'जेवलास?' पण नाही विचारणार. विचारेल, पण कुठल्या फोटोच्या खाली विचारेल?

म्हणून त्या रविवारी मी काय केलं असेल? एका घोसाचा एकदम जवळून फोटो काढला. पानं दिसू नयेत असा. दोन हार्ट आले. त्यानंतर दर रविवारी तेच, झूम करून.

इकडे शनिवारी, माझ्या वीकली ऑफला, कापाकापी. मी जोर लावून ओढलं की वेल सटकन हातात यायची आणि मी खूश, वा, मुळासकट! मुळासकट कसली, जमिनीपाशी तुटायची. काही गाठी वरच होत्या, त्या मिळाल्या. लहान रताळ्याएवढ्या. आता ऐका माझी अक्कल. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम आहेत, खताचे. मी सगळी वेल त्यात टाकली, आणि गाठी लवकर कुजाव्यात म्हणून सुरीने बारीक बारीक चिरल्या. भाजीला चिरतात तशा! एकेका तुकड्याला कोंब येतो हे मी वाचलं होतं. वाचलं होतं आणि चिरलं! खत म्हणजे सगळं कुजतंच, असं माझं गणित. पण आमचं खत म्हणजे अर्धं खत, अर्धी भाजी.

तीन आठवड्यांत पट्टीत परत कोंब, पहिल्यापेक्षा जास्त. आणि जानेवारीत सोसायटीने ते खत घरोघरी वाटलं, कुंडीत घालायला, एकेक पिशवी.

फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी अंकल, हातात तुळशीची कुंडी. तुळशीच्या बाजूला पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची दोन लुसलुशीत पानं.

"ये पहचानता है?"

मी ओळखली. आता ना मी तिला झोपेत पण ओळखेन.

"मेरी मिसेस बोली, खानेवाला पान उगा है. चार दिन से पानी दे रही है, हाथ जोड़ रही है!"

मला हसू आवरलं नाही. मग ते पण हसायला लागले, कुंडी हलायला लागली. हसता हसता मी म्हणालो, "अंकल, मैंने तो डेढ़ साल पानी दिया. बहन का समझ के."

ते हसायचे थांबले. "डेढ़ साल? घर में कोई देखनेवाला नहीं था क्या?"

साधा प्रश्न होता. मी 'नहीं' म्हणालो आणि कुंडी हातात घेतली.

मग मी खत गेलेल्या प्रत्येक घराची बेल वाजवली. किती वर्षं राहतोय या बिल्डिंगमध्ये, अर्ध्या घरांच्या आत पहिल्यांदा गेलो. "एक्सक्यूज मी, आपल्या कुंडीत माझी वेल आलीये का?" असं विचारत! कुणी चहा दिला, कुणी म्हणालं 'अरे तू ग्राउंड फ्लोअरचा ना, तिथे कोणी राहतं हे माहीतच नव्हतं'. तुकडा सापडेपर्यंत माती चाळायची, पिशवीत भरायचा, पुढची बेल. छान वाटत होतं. पण पिशवी भरली आणि बेल वाजवायला कारण उरलं नाही. मी खाली आलो, फ्रीज चालू होता.

मग मावशींनी रीतसर शिकवलं. स्वतःची छोटी पहार आणून दिली, "हरवू नको, माज्या सासूची हाय." वेल आधी गुडघ्याएवढी ठेवून कापायची, म्हणजे खाली कुठे जाते ते दिसतं. ओढायची नाही. बाजूने खणत जायचं, दोरीच्या मागे जावं तसं, आणि गाठ अख्खी उचलायची. एकीला दुसरी लागलेली असते, दुसरीला तिसरी. औषध मारायचं नाही, कारण ताईची जिवंत असेल तर ती पण जाईल. काढलेल्या गाठी गच्चीवर जुन्या चादरीवर पसरायच्या, पार सुकून खडखड वाजेपर्यंत उन्हात. खताच्या ड्रमकडे बघायचं पण नाही. मावशी खिडकीत टोपली टेकवून सूचना द्यायच्या, "आरं विहीर खनतंस काय? हलूच!" आणि मधेच, "मुला, मुळा घेतंस का?"

चार शनिवार खणलं. पहिले तीन शनिवार गाठीच गाठी, काडी कुठेच नाही. होळी जवळ आली. मावशी पण 'चिवट आसते' म्हणायच्या थांबल्या होत्या, ते मला कळत होतं.

काल चौथा शनिवार. भिंतीला लागून एक तुटकी वीट होती, तिच्यामागे एका मोठ्या गाठीच्या मागे मागे गेलो, आणि बोटाला काहीतरी टोचलं. बोथट. मी हात काढला, परत घातला. करड्या रंगाची काडी, वीतभर, एकही पान नाही, वाळलेली वाटावी अशी. पण काटा होता. नखाने जरा खरवडलं.

आत हिरवं!

मी ओरडलो, "ताई!" मोठ्याने. पट्टीत कोणीच नव्हतं. वरून अंकलनी पण बघितलं नाही. मी तिथेच मातीत बसलो, काडीला हात लावून, बराच वेळ.

आज रविवार. सकाळी काडीच्या आजूबाजूची माती परत एकदा हाताने चाचपून बघितली, राहिलेल्या दोन गाठी काढल्या आणि ठरवलं, सांगायचं. लांबून फोटो काढला, मोकळी माती, भिंत आणि मधे ती काडी. खाली सगळं लिहिलं. ती तुझी नव्हती, मला कळलं नाही, कळल्यावर पण तीन-चार महिने मी तुला फसवत होतो, जवळून फोटो काढून. सॉरी. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

वाजला. मेसेज नाही, फोन! कितीतरी महिन्यांनी.

"रडतोयस का?"

"नाही. माती गेली डोळ्यात."

"नाटकं करू नकोस. ऐक. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ती मधुमालती नाहीये ते. पहिलं फूल आलं ना, त्या फोटोतच कळलं. मी चौदा वर्षं त्या गेटखालून गेलेय, मला कळणार नाही?"

मी सुटलोच, "अगं मग बोलली का नाहीस! मी तांदळाचं पाणी घालत होतो तिला! आणि वास येईल म्हणालीस!"

"काय म्हणणार होते? तू एवढा खूश होतास. आणि सांगितलं असतं तर तू उपटून टाकली असतीस. मग रविवारी काय पाठवलं असतंस?"

हेच वाक्य माझ्या डोक्यात होतं, सेम टू सेम.

"इथे खिडकी उघडत नाही रे," ताई म्हणाली. आवाज जरा लहान झाला. "सील केलेली आहे, एसीसाठी. हे सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. तू फोटो पाठवायचास ना, त्यात मागे आपली किचनची खिडकी दिसायची. ओट्यावरचा कुकर दिसायचा. एकदा तुझा टॉवेल दिसला होता, खुर्चीवर ओला टाकलेला, तसाच. मी वेल कुठे बघायचे? मी ते झूम करून बघायचे. मधे तू जवळून काढायला लागलास, नुसती फुलं, तेव्हा इतका राग आला होता मला."

"सांगायचंस ना."

"तू सांगितलंस?"

फोनवर तिच्याकडे एसीचा आवाज, माझ्याकडे फ्रीजचा. मग तिने विचारलं, "जेवलास?" आणि सकाळचे दहा वाजले होते, त्यामुळे दोघं हसलो. फोन ठेवताना म्हणाली, "पुढच्या रविवारी काडीचा पाठव. आणि खिडकी येऊ दे फोटोत."

आता पेव्हर ब्लॉक बसतील, अंकल कोपऱ्यातला चौकोन सोडणार आहेत, कबूल केलंय. गुलाबी वेल एवढ्यात जाणार नाही, मावशी म्हणतात पाऊस पडला की राहिलेल्या गाठी डोकं वर काढतील, तेव्हा दर आठवड्याला बघायचं, कोंब दिसला की खालपर्यंत खणायचं, वर्षभर तरी. बघीन की. मला काय दुसरं काम आहे. काडीला पान कधी फुटेल माहीत नाही. ते जोडीने फुटलं तरच मी मानणार, समोरासमोर.

बस, सांगून झालं, हात धुतो आता. पण एक सांगा ना मला. तुमच्याबरोबर पण झालंय का असं, की कोणाशी तरी बोलणं टिकावं म्हणून तुम्ही भलत्याच गोष्टीला पाणी घालत राहिलात, आणि पलीकडच्या माणसाला ते पहिल्यापासून माहीत होतं?